नानासाहेबांचा हत्ती

गेल्या महिन्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आतेभावानं एक मेसेज टाकला. 'कॅप्टन नेमो म्हणजे दुसरे कोणी नसून आपले नानासाहेब पेशवे! किती मराठी माणसांना हे माहीत आहे?' खाली तीन भगवे झेंडे. (हे नानासाहेब म्हणजे १८५७ च्या उठावात कानपुरात इंग्रजांशी लढलेले.) मी फ्रान्समध्ये नांतला राहतो, आणि पाणबुडीचा कप्तान नेमो ज्याच्या कादंबऱ्यांतला, तो फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न १८२८ साली याच गावात जन्मला. त्यामुळे अर्ध्या तासात काकांनी विचारलंच, "अरे, तू तिथेच आहेस ना? खरं काय ते सांग."

खरं सांगितलं आणि फसलो.

व्हर्नच्या मनातला नेमो मुळात पोलिश होता, रशियन सत्तेनं ज्याचं घरदार धुळीला मिळवलं असा उमराव. पण एत्झेल हा त्याचा प्रकाशक रशियातला खप बुडेल म्हणून धास्तावला आणि पाणबुडीच्या पहिल्या कादंबरीत नेमोचा देश गुलदस्त्यातच राहिला. १८७५ साली 'मिस्टिरियस आयलंड' पूर्ण झाली, तिच्यात उलगडा झाला. नेमो म्हणजे राजपुत्र डक्कार, बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा आणि टिपू सुलतानाचा पुतण्या किंवा भाचा (फ्रेंचमध्ये दोघांना एकच शब्द, भांडण नको). बुंदेलखंड कुठे, श्रीरंगपट्टण कुठे! पण हा डक्कार सत्तावन्नच्या लढ्यात उतरतो, बायकामुलं गमावतो आणि मग समुद्राखाली जातो, हे नक्की.

म्हणजे नेमो सत्तावन्नचा, पण नानासाहेब नव्हे. इथवर ग्रुपनं ऐकून घेतलं. पुढचं सांगायला नको होतं. याच व्हर्ननं १८८० साली नानासाहेबांवरही कादंबरी लिहिली, तिचं नाव 'वाफेचं घर'. त्यात ते खलनायक आहेत.

कादंबरी सुरू होते ती आमच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात. ६ मार्च १८६७ च्या संध्याकाळी शहरभर जाहिराती लागतात: बंडाचा एक सूत्रधार 'नबाब दांदू पान' याला जिवंत वा मृत आणून देणाऱ्यास दोन हजार पौंड. वेणगावच्या भटांच्या घरात जन्मलेले, दुसऱ्या बाजीरावांनी दत्तक घेतलेले धोंडोपंत फ्रेंच तोंडात जाऊन 'दांदू पान' झाले, वर नबाबही झाले. कर्नल मन्रो हा नायक. त्याची बायको कानपुरात हरवलेली. त्यानं झाशीच्या राणीला स्वतःच्या हातानं मारल्याचंही व्हर्ननं ठोकून दिलंय. मन्रो आणि त्याचे मित्र एका पोलादी, वाफेवर चालणाऱ्या हत्तीमागे चाकांवरचे दोन बंगले जोडून हिंदुस्थान हिंडतात आणि नानासाहेब सूड घ्यायला त्यांच्या मागावर असतात.

यावर ग्रुपमध्ये जे व्हायचं तेच झालं. एक काका म्हणाले, असल्या पुस्तकांवर बंदी घाला. आतेभाऊ म्हणाला, परदेशात राहून तुम्हाला आपलंच वाईट दिसतं.

आता इथलं ऐका. नांतमध्ये जुन्या गोदीच्या जागी २००७ पासून लाकडाचा आणि पोलादाचा एक यांत्रिक हत्ती चालतो. बारा मीटर उंच, अठ्ठेचाळीस टन, पाठीवर पन्नासेक माणसं. कानांच्या पाळ्या चामड्याच्या, चालताना फडफडतात. सोंडेतून पाणी उडतं आणि खालची पोरं किंचाळत पळतात. माझी मुलगी दर वेळी मुद्दाम भिजते. हा हत्ती व्हर्नच्या त्या पोलादी हत्तीचाच वंशज. मी शेजारच्या एका फ्रेंच आजोबांना मूळ गोष्टीतला खलनायक कोण ते विचारलं. "कोणी राजा होता ना?" ते म्हणाले. झालं. हत्ती राहिला, लढाई गळून गेली.

नांतला विसरायची सवय आहे असं मात्र नाही. अठराव्या शतकात फ्रान्सचा गुलामांचा सर्वात मोठा व्यापार याच बंदरातून चाले. नदीकाठी २०१२ साली त्याचं स्मारक झालं. फरसबंदीत दोन हजार काचेच्या पट्ट्या बसवल्यात, त्यातल्या बहुतेकींवर एकेका जहाजाचं नाव आणि तारीख. नावं छान छान आहेत, म्हणून जास्त टोचतात. तिथून हत्ती चालत काही मिनिटांवर. स्वतःच्या पापाचा हिशेब मांडलेल्या गावालाही दुसऱ्यांच्या लढाईचं खेळणं झालेलं खुपत नाही.

पण मला जास्त खटकला तो आतेभावाचा मेसेज. नेमो कोणाला आवडतो? बारा हजार पुस्तकं बाळगणारा, ऑर्गन वाजवणारा, युरोपात शिकलेला बंडखोर. साहेबाच्या दिवाणखान्यात बसवता येईल असा. नानासाहेबांना आपण त्याचा कोट चढवतो, म्हणजे व्हर्नचीच परीक्षा मान्य करून त्यात त्यांना पास करायला बघतो. (कोट द्यायचाच तर अजीमुल्ला खानांना द्या. इंग्रजी-फ्रेंच बोलणारा नानांचा हा वकील लंडनला जाऊन, परतीच्या वाटेवर क्रिमियाचं युद्ध बघून आला होता.)

खरे नानासाहेब या कोटात मावत नाहीत. बाजीराव १८५१ साली गेले, आठ लाखांचा तनखा बंद झाला. तो मिळावा म्हणून नाना अर्जविनंत्या करत राहिले. मग सत्तावन्नचा उठाव झाला. त्या जूनमध्ये कानपूरच्या सतीचौरा घाटावर अभय दिलेल्या इंग्रजांवर होड्यांत गोळ्या सुटल्या, १५ जुलैला बीबीघरात दोनशेच्या आसपास बायकामुलं कापली गेली. नानांचा हुकूम होता की नाही, यावर इतिहासकार आजही भांडतात. त्याआधी इंग्रज अधिकारी नीलच्या फौजेनं अलाहाबादेत आणि कानपूरच्या वाटेवर गावंच्या गावं जाळली, माणसं झाडांना टांगली. हे सगळं एकाच उन्हाळ्यातलं आहे, आणि एकानं दुसरं पुसलं जात नाही. इंग्रजांनी डोक्यावर एक लाख रुपये लावले, तरी नाना सापडले नाहीत. १८७४ साली ग्वाल्हेरला एकाला नाना म्हणून पकडलं, तोही दुसराच निघाला.

हे मी ग्रुपवर लिहिलं. दोन दिवस कोणीच काही बोललं नाही. मग बाबांचा फोन आला. भांडणाबद्दल अवाक्षर नाही. "त्या जाहिराती शहरात कुठे लावल्या होत्या रे?"

एक पडक्या बंगल्याच्या भिंतीवर होती, मी सांगितलं. तिच्यावरचं नाव तेवढं एक फकीर फाडून नेतो.

"आणि तो फकीर म्हणजे नाना?"

"हो."

"बघ," बाबा म्हणाले, "एवढं तरी त्याला जमलं."