तीन सेकंद आणि तर्रीपोहे

मे महिन्यातल्या एका सकाळी सव्वासात वाजता मी धरमपेठेत पोह्याच्या गाडीपाशी मुलगी पटवायला उभा होतो. माझं वय ३१. कल्पना माझी नव्हे, पिंट्याची. त्याने महिनाभर रात्री जागून मोबाईलवर या विषयाचं शास्त्र पुरं केलं होतं आणि आता त्याला प्रयोगासाठी बेडूक पाहिजे होता. "तुझं काय जाते बे? तीन सेकंदांचा तर खेळ आहे," तो म्हणाला.

शास्त्र अमेरिकेतून आलेलं. तिथे नील स्ट्रॉस नावाच्या पत्रकाराने या पटवापटवीवाल्यांच्या गोटात राहून २००५ मध्ये पुस्तक लिहिलं आणि ते धडाधड खपलं. त्यांच्यातला मोठा गुरू मूळचा जादूगार, स्वतःला 'मिस्टरी' म्हणवून घ्यायचा. २००७ मध्ये त्याचा टीव्हीवर कार्यक्रमही आला. मुलगी दिसली की तीन सेकंदांत जाऊन बोलायचं, हा त्याचा पहिला नियम. उशीर केला की पाय गळतात. आता मला सांगा, नागपुरात तीन सेकंदांत काय होतं? इथे माणूस नुसतं "येतो" म्हणत नाही, "येऊन राहिलो" म्हणतो आणि नंतर अर्धा तास येतच राहतो.

दुसरा नियम मोराचा. चारचौघांत उठून दिसेल असं काहीतरी अंगावर पाहिजे. गुरू म्हणे केसाळ उंच टोपी घालून, गॉगल चढवून फिरायचा. पण पारा ४५च्या वर गेला की आमच्याकडे अख्खं शहरच टोपी, गॉगल, दुपट्टा लावून फिरतं. मोरांच्या कळपात मोर ओळखायचा कसा? मुलींचं तर त्याहून अवघड. स्कूटीवरची मूर्ती डोक्यापासून गळ्यापर्यंत दुपट्ट्यात, हातात कोपरापर्यंत मोजे, वर गॉगल. तीन सेकंदांत ती मुलगी आहे की आपली शाळेतली बाई, हेच कळत नाही.

तिसरा नियम 'नेगिंग'चा, म्हणजे कौतुक करता करता हळूच टाचणी टोचायची. समोरची हलते आणि आपल्याकडे लक्ष देते म्हणे. पिंट्याने हे मोठं गुपित सांगितल्यासारखं सांगितलं. अरे, याला आम्ही बोलणं म्हणतो! "काय बे, किती वाळला तू! सुटला म्हणा पोटाच्या त्रासातून!" हा तर आमचा नमस्कार आहे.

ती आली. दुपट्टा सोडला, प्लेट घेतली. मी तीन सेकंद मोजले, मग आणखी तीस. पिंट्याने मागून ढकललं. पाठ केलेलं पहिलं वाक्य गुरूचंच होतं, मत विचारण्याचं. "एक विचारू? खोटं जास्त कोण बोलतं, पुरुष की बायका?"

तिने तोंड उघडण्याआधी गाडीवाला म्हणाला, "गिऱ्हाईक." पलीकडचा रिक्षावाला म्हणाला, "बिल्डर." भाजीची पिशवी घेतलेले एक काका पुढे आले. "अहो, सगळ्यात मोठं खोटं १९५३ सालचं! नागपूर करार! महाराष्ट्रात या म्हणे, विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात पैसा, नोकऱ्या... कुठाय?" दहा मिनिटांत वेगळा विदर्भ होऊन राजधानीही ठरली. माझ्या पोह्यांवरची तर्री गार होऊन तिच्यावर तेलाची लाल साय धरली होती.

मुलगी मला एकदाच बोलली. "भाऊ, सरका ना जरा, कांदा घेऊ द्या." तिने कांदा घेतला, प्लेट संपवली, पैसे दिले, दुपट्टा गुंडाळला आणि पुन्हा मूर्ती होऊन गेली. पिंट्या 'भाऊ' ऐकल्याबरोबर पसार झाला होता.

उरलो मी आणि काका. "मी निघूनच राहिलो, दोनच मिनिटं," ते म्हणाले. पिशवी त्यांनी खाली ठेवली. "करता काय आपण?... अच्छा, बँकेत. केस चालले तुमचे, पण नाक चांगलं आहे." मी नकळत नाकाला हात लावला. आडनाव, गाव, मामाचं गाव, घर स्वतःचं की भाड्याचं, सगळं त्यांनी काढून घेतलं, आणि मीही देत गेलो. "द्या बरं एक मिस कॉल," म्हणाले, तोही दिला.

घरी येताना कुठेतरी लॉ कॉलेज चौकाच्या सिग्नलवर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. निघायची घाई दाखवणं, स्तुतीतली टाचणी, शेवटी नंबर... शास्त्राप्रमाणे सगळं बरोबर झालं होतं. फक्त पटलो मी होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला गुलाबाच्या फुलासह सुप्रभात आली. खाली वधू-वर सूचक मंडळाच्या छापील अर्जाचा फोटो. माझा अर्ज काकांनी स्वतःच्या हाताने भरून टाकला होता. 'केस : कमी. अपेक्षा : कमी.'