आमच्या वहीचे पुढे काहीही होणार नाही

आज दुपारी घरी आलेल्या एका परिचित गृहस्थांनी टेबलावर पडलेली आमची, म्हणजे माझी आणि माझ्या मैत्रिणीची, चित्रांची वही कोणालाही न विचारता उचलली आणि पाने उलटता उलटता एकामागून एक प्रश्न विचारले. क्लास लावला आहे का, हे विकता का, इन्स्टाग्रामवर पेज आहे का, आणि शेवटी, वही मिटून बाजूला ठेवताना, "बरं, पण मग याचं पुढे काय करणार?" मी हसून विषय बदलला, कारण दारात आलेल्या माणसाशी वाद घालू नये असे माझ्यावर संस्कार आहेत. मात्र संध्याकाळ उलटून गेली तरी डोके शांत होत नाही, म्हणून हे लिहीत आहे.

ज्या पानावर थांबून त्यांनी "हे कुठल्या लहान मुलाने काढलंय?" असे विचारले, ते पान माझ्या चेहऱ्याचे आहे आणि ते माझ्या मैत्रिणीने काढलेले आहे. तिचे वय जाहीर केलेले तिला आवडणार नाही, पण ती लहान मूल नक्कीच नाही. त्या संध्याकाळी आम्ही असे ठरवले होते की एकमेकींचे चेहरे काढायचे, मात्र कागदाकडे एकदाही पाहायचे नाही आणि पेन उचलायचे नाही. नजर समोरच्या चेहऱ्याच्या कडेवरून जितक्या सावकाश सरकेल, तितक्याच सावकाश हात कागदावर सरकला पाहिजे. ही युक्ती आमची नव्हे. किमॉन निकोलायडीस या अमेरिकन कलाशिक्षकाच्या, त्याच्या मृत्यूनंतर १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात विद्यार्थ्यांना असे सांगितले आहे की पेन्सिलीचे टोक कागदाला नव्हे, तर समोरच्या माणसालाच टेकले आहे असे मानून रेषा ओढावी. माझ्या मैत्रिणीने तसे मानले. परिणामी माझा डावा डोळा चेहऱ्याच्या बाहेर, कानाच्याही पलीकडे जाऊन बसला, चष्मा हनुवटीखाली लोंबू लागला आणि केसांची रेषा कागद संपल्यावर थेट टेबलावर उतरली. तो निळा ओरखडा अजून निघालेला नाही. पण ओठांचा उजवा कोपरा, जो हसू दाबताना माझ्याकडून किंचित खाली ओढला जातो, तो इतका हुबेहूब उतरला होता की आजवरच्या एकाही फोटोत तो तसा आलेला नाही. त्यानंतर बराच वेळ आम्हा दोघींनाही हसण्यामुळे बोलता येत नव्हते.

आता, या मैत्रिणीविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती पेन हातात घेण्यापूर्वी दर वेळी "मला चित्र काढता येत नाही" असे म्हणत असे. शाळेत असताना तिने काढलेल्या हत्तीवर शिक्षकांनी लाल शाईने काट मारली होती आणि तो हत्ती वर्गाला दाखवला होता. त्यानंतर तिने इतक्या वर्षांत जे काही काढले असेल ते फक्त पत्ता सांगताना काढलेले नकाशे. हनुवटीखालच्या चष्म्याचे ते चित्र काढून झाल्यावर मात्र तिने पान उलटले आणि ते वाक्य न उच्चारताच दुसरे चित्र सुरू केले. मी ते तिच्या लक्षात आणून दिले नाही. आणून दिले असते तर ते वाक्य तिथल्या तिथे परत आले असते.

म्हणूनच त्या गृहस्थांच्या प्रश्नाने माझे पित्त खवळले. त्यांना वाईट बोलायचे नव्हते हे मला समजते. पण कोणतीही गोष्ट हातात घेतली की तिची किंमत, तिची प्रगती आणि तिचे भवितव्य विचारल्याशिवाय आपल्याला खाली ठेवताच येत नाही, हे काय आहे? माणूस संध्याकाळी फिरायला गेला तर त्याला कोणी "मग पुढे कुठपर्यंत चालत जाणार?" असे विचारत नाही. गुणगुणणाऱ्याला कोणी अल्बम कधी काढणार असे विचारत नाही. चित्र मात्र कागदावर शिल्लक राहते, एवढ्याच गुन्ह्यासाठी त्याची चौकशी सुरू होते.

आणि ही चौकशी निरुपद्रवी नसते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी केलेला आणि १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला या संदर्भात नेहमी आठवतो. ज्या मुलांना रंगीत पेनांनी चित्रे काढायला मुळातच आवडत होते, त्यांच्यापैकी काहींना आधीच सांगण्यात आले की चित्र काढल्यास प्रमाणपत्र मिळेल. ते मिळाले. काही दिवसांनी तेच पेन वर्गात पुन्हा मोकळे ठेवले गेले, तेव्हा प्रमाणपत्राच्या आशेने चित्रे काढलेली मुले त्यांच्याकडे इतर मुलांपेक्षा निम्म्याच्या आसपास वेळ फिरकली. काहीही कबूल न करता अचानक बक्षीस दिलेल्या मुलांचे मात्र असे झाले नाही. तीन-चार वर्षांच्या मुलांचे जर असे होत असेल, तर पगारवाढ, मूल्यमापन आणि लाइक यांवर वाढलेल्या आपल्यासारख्यांचे काय होत असेल ते वेगळे सांगायला नको. माझ्या मैत्रिणीने त्या संध्याकाळी हा चेहरा कोणाला तरी दाखवायचा आहे असे मनात धरले असते, तर तिने कागदाकडे नक्की पाहिले असते, माझा डोळा जागेवर बसवला असता आणि ओठांचा तो कोपरा हातातून निसटला असता.

काही जण विचारतील की मग एकटीने काढत बस, मैत्रीण कशाला हवी. प्रश्न बरोबर आहे. पण एकटीने बसले की मी एकटी नसते. माझ्या डोक्यात एक परीक्षक खुर्ची टाकून बसलेला असतो आणि पहिली रेषा ओढण्यापूर्वीच त्याचे खाकरणे सुरू होते. समोर मैत्रीण असली की त्याला बसायला जागा उरत नाही, कारण समोरचे माणूस स्वतःच्याच वाकड्या रेषेत गुंतलेले असते. ती मला न्याहाळत नाही, माझे कौतुक करत नाही, फक्त त्याच वेळी तेच करत असते. याचा किती आधार वाटतो हे एखाद्या संध्याकाळी बसल्याशिवाय कळणार नाही.

आमचे खेळ अगदी साधे आहेत आणि बहुतेक उसने घेतलेले आहेत. कागदाची तिघडी घालून एकीने डोके काढायचे, मानेच्या दोन रेषा घडीच्या जेमतेम खाली येऊ द्यायच्या आणि कागद दुसरीकडे द्यायचा; तिने वरचे काहीही न पाहता धड काढायचे, मग पायांसाठी कागद पुन्हा पहिलीकडे. १९२५ च्या सुमारास पॅरिसमध्ये आंद्रे ब्रेताँ, ईव्ह तांगी, झाक प्रेव्हेर वगैरे अतिवास्तववादी, म्हणजे स्वप्ने आणि नेणीव यांतून कला शोधणारी, लेखक-चित्रकार मंडळी हाच खेळ आधी शब्दांनी आणि मग चित्रांनी खेळत असत, आणि त्यांनीही तो घरगुती बैठ्या खेळांमधूनच उचललेला होता. दुसरा खेळ डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाचा. तो डोळे मिटून कागदावर एक गिरगोट काढी आणि समोरच्या मुलाला त्याचे काहीतरी करायला सांगे. मग मूल गिरगोट काढी आणि डॉक्टर त्याचे काहीतरी करत असे. तो हे उपचाराचा भाग म्हणून करत होता, आम्ही केवळ मजेसाठी करतो. अलीकडेच मी चार खुर्च्या काढायला घेतल्या, त्यांचे पाय तेवढे झाले आणि गजर वाजून कागद बदलायची वेळ आली. तो कागद माझ्याकडे परत आला तेव्हा त्या पायांवर तिने बगळे उभे केले होते. एका बगळ्याने चोचीत खोडरबर धरले होते, कारण आमच्याकडे खोडरबराला बंदी आहे.

आणखीही थोडे नियम आहेत. फोनवर गजर लावायचा आणि फोन पालथा ठेवायचा. महागडा कागद वापरायचा नाही, कारण जाड, दाणेदार, हातकागदाच्या वहीचे पहिले पान माणसाला घाबरवते. छापील कागदांच्या पाठकोऱ्या बाजू किंवा रिकामी पाकिटे कोणालाही घाबरवत नाहीत. त्यांतले जे ठेवावेसे वाटते ते वहीत चिकटवले जाते आणि उरलेले रद्दीत जाते. "छान" म्हणायचे नाही, त्याऐवजी जे दिसते ते सांगायचे, म्हणजे "ही रेषा इथे घाईत आहे" किंवा "हा माणूस कोणाची तरी वाट पाहतोय असं वाटतं". सही करायची नाही. पिकासो आणि ब्राक हे दोघे चित्रकार घनवादाच्या, म्हणजे वस्तू भौमितिक तुकड्यांत मांडणाऱ्या शैलीच्या, सुरुवातीच्या वर्षांत इतक्या जवळून काम करत होते की त्यांनी कित्येक चित्रांवर समोरच्या बाजूने सहीच केली नाही, आणि १९११ मधली त्यांची काही चित्रे कोणाची कोणती हे आजही पाहणाऱ्याला चटकन ओळखता येत नाही. आमची तुलना त्यांच्याशी करण्याचा वेडेपणा मी करणार नाही. पण पान दोघींचे असले की "माझे बिघडले" असे म्हणण्याची सोय राहत नाही, एवढे आम्हालाही कळलेले आहे.

शिकायचे असेल तर टीका लागते, शिस्त लागते, गुरूही लागतो, हे मला मान्य आहे. ज्यांची चूल चित्रांवर पेटते त्यांना "पुढे काय" हा प्रश्न टाळता येत नाही, हेही मान्य. आम्ही त्यांच्याविषयी बोलत नाही.

हे लिहिता लिहिता मला दुपारचीच आणखी एक गोष्ट आठवली आणि माझा राग थोडा उतरला. निघण्यापूर्वी त्या गृहस्थांना एक लांबलचक फोन आला. कोणीतरी त्यांना काहीतरी समजावून सांगत होते आणि ते "हो, हो" म्हणत होते. बोलताना त्यांनी खिशातले पेन काढले आणि टेबलावरच्या लिफाफ्याच्या कोपऱ्यात एक त्रिकोण काढला. त्याला चिकटून दुसरा, मग तिसरा. मग एकाआड एक त्रिकोण तिरप्या, बारीक, समान अंतराच्या रेघांनी भरला, आणि शेवटच्या त्रिकोणाला एक लहानशी शेपटी काढली. फोन संपला, पेन खिशात गेले, लिफाफा तिथेच राहिला. त्यांना आपण काही काढले आहे याचा पत्ताही नव्हता. त्यांच्या त्रिकोणांचे पुढे काय करणार असे मी विचारले नाही. तो लिफाफा मी ठेवून घेतला आहे, आणि खरे सांगायचे तर त्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. त्यांच्याही लहानपणी कोणीतरी एखाद्या हत्तीवर काट मारलेली असणार असे मला आता वाटू लागले आहे, आणि तसे असेल तर त्यांच्यावर रागावण्यात काही अर्थ नाही.

मात्र ज्यांच्यावर रागावण्यात अर्थ आहे असे लोकही आहेत. "मनमोकळेपणाने खेळा" असे सांगणारे अभ्यासक्रम आता विकले जातात, त्यांत रोजचे उद्दिष्ट असते, सलग दिवसांची साखळी असते, साखळी तुटली की फोनवर दुःखी चेहऱ्याची सूचना येते, आणि शेवटी प्रमाणपत्र. खेळालाही हजेरीपट लावून दाखवला! आमच्याकडे कधी दोन-तीन आठवडे काहीच होत नाही, कारण तिच्या घरी आजारपण असते किंवा माझ्या कामाची घाई असते. मग आम्ही पुन्हा बसतो. राहिलेल्या संध्याकाळी भरून काढायच्या नसतात, कारण कोणी मोजत नसते.

माझ्या या सगळ्या म्हणण्याला एक मोठा अपवाद आहे आणि तो लपवला तर माझी मैत्रीणच मला आठवण करून देईल. रवींद्रनाथ टागोर हस्तलिखितात खोडलेल्या ओळींना जोडत जोडत विचित्र पशुपक्षी काढत असत. १९२४ मध्ये ते अर्जेंटिनात आजारी होऊन राहिले असताना व्हिक्टोरिया ओकाम्पो या त्यांच्या मैत्रिणीने ती खाडाखोड पाहिली, ती तिला भावली, आणि १९३० मध्ये पॅरिसला त्यांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन तिच्याच खटपटीने भरले. तेव्हा त्यांचे वय सत्तरीला टेकले होते. मैत्रिणीने ती खाडाखोड जगापुढे आणली हे बरेच झाले, यावर माझ्याकडे उत्तर नाही. एवढेच म्हणेन की ती खाडाखोड करताना त्यांच्या डोळ्यांपुढे पॅरिस नव्हते.

रात्री मैत्रिणीला फोन करून दुपारचा प्रकार सांगितला. मला वाटले होते की लहान मुलाची गोष्ट ऐकून तिला लागेल, म्हणून मी ती जरा दबकतच सांगितली. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "आणि माझे बगळे? बगळ्यांचं पान पाहिलं की नाही त्यांनी?" पाहिले होते, पण त्यावर ते काही बोलले नव्हते, असे मी सांगितले. यावर ती खरोखर नाराज झाली.

पुढच्या वेळचा खेळ ठरवण्याची पाळी तिची आहे. एकच तेलखडू दोघींनी एकाच वेळी धरायचा, काय काढायचे आहे ते एकमेकींना सांगायचे नाही आणि खडू सोडायचा नाही, असे तिच्या मनात आहे. यातून चित्र होणार नाही, नुसती ओढाताण होईल, असे मी म्हटले.

"मग कागद मोठा घे," ती म्हणाली.