टॅरिफ कोण भरतं ते माझ्या वहीत लिहिलंय

दिवाळी, ऑक्टोबर २०२५. कार्यक्रमाहून आत्ताच घरी आले. साडीसुद्धा बदललेली नाही, कारण डोकं तापलंय आणि आज लिहिलं नाही तर झोप लागणार नाही.

फराळाच्या टेबलापाशी नेहमीचा वाद रंगला होता: अमेरिकेने भारताच्या मालावर लावलेलं टॅरिफ, म्हणजे आयात कर, नक्की भरतं कोण? एक दादा आहेत, मी त्यांना पंधरा वर्षं ओळखते. आम्ही इथे न्यू जर्सीत, एडिसनला नवीन होतो तेव्हा आम्हाला जुनी गाडी घेऊन देण्यासाठी त्यांनी अख्खा शनिवार घालवला होता. ते ठासून म्हणाले, "टॅरिफ इंडिया भरते. तिजोरीत पैसा येतोय. आपल्याला काय त्रास आहे?" मी म्हटलं, "दादा, इंडिया नाही भरत. तो चेक मी लिहिते." तर हसून म्हणाले, "तू पण त्या डेमोक्रॅट पार्टीची का?"

चेक कोण लिहितं याचं उत्तर पार्टी कसं असू शकतं?

मी अकरा वर्षं एका छोट्या आयात कंपनीचे हिशेब लिहितेय. मालक सोलापूरचे, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. सोलापूरहून टॉवेल आणि चादरी येतात, न्यू जर्सी आणि पेन्सिल्वेनियातल्या मोटेलांना जातात. गोदामात धरून सहा माणसं. जूनमध्ये ऑर्डर दिली तेव्हा भारतावर नवीन टॅरिफ १० टक्के होतं. माल मागावर असताना, ७ ऑगस्टला ते २५ झालं. २७ ऑगस्टला ५०. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती, मी मोदकाची उकड काढत होते आणि काकांचा फोन आला. माल सप्टेंबरात न्हावा शेवाहून निघाला आणि गेल्या आठवड्यात न्यूअर्कला लागला.

मंगळवारी कस्टम ब्रोकरचं, म्हणजे कस्टमची कागदपत्रं करणाऱ्या एजंटचं, बिल आलं. ४०,००० डॉलरचा माल. जूनमध्ये मी टॅरिफचे ४,००० धरले होते. बिलात २०,००० होते, नेहमीची ड्युटी वेगळी. काकांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि म्हणाले, "परत एकदा बेरीज कर गं." केली. "अजून एकदा." तिसऱ्यांदा केली. कॅल्क्युलेटरची पट्टी टेबलावरून खाली लोंबत होती. आकडा तोच. पैसे भरल्याशिवाय माल हलत नाही, म्हणून काकांनी सही केली. भारत सरकारने त्यातला एक सेंट भरलेला नाही.

हो, सोलापूरच्या कारखानदाराने दर थोडा कमी करून दिला, तेवढा भार तिकडे गेला हे मान्य. पण थोडाच. बाकीचा काकांच्या खिशातून गेला, आणि पुढच्या मालाच्या वेळी मोटेलवाल्यांच्या खिशातून जाईल, नाहीतर ते दुसरीकडून घेतील.

आणि त्या ५० मधले २५ कशाचे? भारताने रशियाचं तेल घेतलं म्हणून दंड. सोलापूरच्या टॉवेलाचा आणि रशियाच्या तेलाचा काय संबंध, कोणीतरी मला समजावून सांगा. रशियाचं कच्चं तेल सगळ्यात जास्त चीन घेतो. त्याला या कारणासाठी असा दंड लावला नाही.

मला चीड कशाची येते सांगू? हेच दादा २०२२ मध्ये, बायडन अध्यक्ष असताना, दर भेटीला किराणाची पावती दाखवायचे. अंडी, दूध, पेट्रोल, "या सरकारने वाट लावली". जून २०२२ मध्ये महागाई ९.१ टक्क्यांवर गेली होती, त्यामुळे चुकीचं काही बोलत नव्हते. पण २०२४ च्या नोव्हेंबरात ट्रम्प निवडून आले आणि महिन्याभरात त्यांच्या लेखी इकॉनॉमी उत्तम झाली. तेव्हा नवीन अध्यक्षांनी शपथही घेतली नव्हती! दुकान तेच, पावती तीच. आणि आमच्याकडचे? काल-परवापर्यंत "सगळं छान चाललंय, लोकांना कळत नाही" म्हणणारे त्याच महिन्यात मंदी येणार म्हणून सांगायला लागले.

आता माझंच सांगते. मी ट्रम्प यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या कमला हॅरिसना मत दिलं. आणि २०२१ मध्ये महागाई तात्पुरती आहे असं जेव्हा फेडपासून (अमेरिकेची मध्यवर्ती बँक) सगळे म्हणत होते तेव्हा मीही तेच बोलत फिरले, कारण माझी माणसं बोलत होती. शेजारची एकटी आई भाडं वाढलं म्हणून रडली तेव्हा मी तिला तिमाहीचे आकडे सांगितले. लाज वाटते मला त्याची. न्यू जर्सीत हॅरिस जिंकल्या खऱ्या, पण बायडन यांच्यापेक्षा कितीतरी कमी फरकाने, आणि ते का झालं हे त्या बाईला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. शिवाय टॅरिफ ही एकट्या ट्रम्प यांची गोष्ट नाही, हेही नाइलाजाने लिहिते. चीनवरचे जुने टॅरिफ बायडन यांनी काढले नाहीत, उलट २०२४ मध्ये चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवर १०० टक्के लावले. तेव्हा आमच्यापैकी कोणी चकार शब्द काढला नाही.

काकांनी ट्रम्प यांना मत दिलं होतं. लपवत नाहीत. छोट्या धंद्याचा टॅक्स कमी होईल म्हणून. आणि ४ जुलैच्या कायद्याने छोट्या धंद्यांची २० टक्क्यांची वजावट कायम झालीही, दिलेला शब्द पाळला. पण ती वजावट नफ्यावर असते. मंगळवारी तीनदा बेरीज केल्यावर काकांनी मला एवढंच विचारलं, "या वर्षी नफा किती राहील?" मी खाली बघितलं.

याला मी राजकारण म्हणू? मी आकडे लिहिणारी बाई आहे. १ ऑगस्टला नोकऱ्यांचे आकडे वाईट आले आणि त्याच दिवशी ते आकडे काढणाऱ्या खात्याच्या प्रमुख बाईंना काढून टाकलं. त्या दिवशी मी ऑफिसात खूप वेळ नुसती बसून होते. काकांना बेरीज आवडली नाही म्हणून त्यांनी मला काढलं असतं तर? काकांनी फक्त परत कर म्हटलं. तिन्ही वेळा आकडा तोच आला तेव्हा त्यांनी तो मानला. धंदा करणारा माणूस एवढं करतोच, त्याला करावंच लागतं. मग देश चालवणाऱ्यांनी का करू नये?

आज हॉलमध्ये एकदाच सगळे गप्प झाले. कोणीतरी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जावरच्या १,००,००० डॉलर फीचा विषय काढला. १९ सप्टेंबरची ती घोषणा. दादांचा भाचा पुण्याहून येणार होता. त्यांनी चिवड्याची वाटी खाली ठेवली आणि खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांची पार्टी मला तेव्हा विचारावीशी वाटली नाही. मी त्यांच्या वाटीत दोन चकल्या घातल्या.

मघाशी रागात लिहायला बसले होते, आता तेवढी रागावलेली नाही. दादा वाईट माणूस नाहीत, माझ्या घरी कोणी आजारी पडलं तर पहिला फोन मी त्यांनाच करीन. पण वाद सुरू झाला की ते दादा राहत नाहीत आणि मीही मी राहत नाही. ४ नोव्हेंबरला न्यू जर्सीच्या गव्हर्नरची निवडणूक आहे. विजेच्या बिलावरून दोन्ही बाजूंचे दारावर येताहेत. खर्चाला मंजुरी न मिळाल्याने अमेरिकेचं केंद्र सरकार १ ऑक्टोबरपासून बंद आहे, पगाराविना कामावर जाणारी माणसं आहेत, आणि आम्ही फराळाच्या टेबलापाशी कोणाची चूक जास्त ते ठरवतोय.

काकांनी शुक्रवारी जाताना सांगितलं, सोलापूरला मेल टाक, जानेवारीच्या ऑर्डरचं सध्या थांबवा म्हणून. तिकडे आता सकाळ झाली असेल. तो कारखानदार दर दिवाळीला मला न चुकता मेसेज करतो, "ताई, दिवाळीच्या शुभेच्छा, नवीन ऑर्डर लवकर येऊ द्या." यंदाचाही आलाय. मेल अजून ड्राफ्टमध्ये आहे. "नमस्कार" लिहून झालंय, पुढचं लिहायचं राहिलंय.