नानाकाकांची गोळी आणि ताईचं इंजेक्शन

"इंजेक्शन टोचून बारीक होण्यात कसला आलाय पुरुषार्थ?" हा आमच्या नानाकाकांचा सवाल. काका दादरचे, रोज सकाळी शिवाजी पार्कला फेऱ्या मारणारे, मधुमेह नेटाने सांभाळणारे. मार्च 2025मध्ये टिर्झेपटाइड हे मधुमेहावरचं आणि वजन उतरवणारं इंजेक्शन भारतात आलं आणि तेव्हापासून मुंबईला फोन लावला की हा विषय निघतोच. पूर्वी भांडण असायचं ते दोनदाच जेवावं की दर दोन तासांनी खावं यावर. दीक्षितांच्या डाएटवरून आमच्या घरात सरळ दोन तट पडले होते. आता ते दोन्ही तट एक होऊन इंजेक्शनवाल्यांवर तुटून पडलेत. "जिभेवर ताबा नाही, त्यांचे हे चोचले!" तिकडून उत्तर येतं, "अगं, भूकच लागत नाही. जादू आहे नुसती!"

इथे लंडनमध्ये टोमणे मारणारे नाहीत असं नाही, पण खरं भांडण रांगेचं आहे. वजन कमी करण्यासाठी हेच औषध जीपीमार्फत, म्हणजे फॅमिली डॉक्टरमार्फत, सरकारी खर्चाने द्यायला जून 2025मध्ये सुरुवात झाली. पहिल्या वर्षाची अट वाचून मात्र हसावं की रडावं कळेना: बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा अंक, 40 किंवा जास्त हवा, वर मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार अशा ठरवून दिलेल्या पाच आजारांपैकी चार हवेत. बाकीच्यांनी पदरचे पैसे मोजायचे. सप्टेंबर 2025मध्ये सर्वांत मोठ्या डोसची महिन्याची मूळ किंमत 122 पौंडांवरून 330वर गेली, तेव्हा ऑफिसात आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

ही अट मुंबईने उचलावी असं मी म्हणणार नाही. दक्षिण आशियाई माणसाला इथे बीएमआयमध्ये अडीचची सवलत देतात, पण आपली गोम अडीच अंकांत मावणारी नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी 2004मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच फोटो छापले होते. दोघांचा बीएमआय 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. अंगाने किरकोळ, पोटात चरबी, अशी माणसं मुंबईच्या लोकलच्या प्रत्येक डब्यात सापडतील. त्यांना 40 बीएमआयची वाट बघायला लावणं म्हणजे आजार पिकण्याची वाट बघणं.

पुरुषार्थाचा मुद्दा मात्र मला मुळातच पटत नाही. 1902 साली इथे लंडनमध्येच, युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये, बेलिस आणि स्टार्लिंग या शास्त्रज्ञांनी दाखवलं की आतडं रक्तातून रसायन सोडून स्वादुपिंडाला कामाला लावतं. पुढे 1964मध्ये असं दिसलं की साखर शिरेतून देण्यापेक्षा तोंडाने दिली तर इन्सुलिन कितीतरी जास्त स्रवतं. म्हणजे घास पोटात गेल्याची वर्दी आतडं देतं. ही वर्दी देणारं एक हॉर्मोन म्हणजे जीएलपी-1. त्याचे रिसेप्टर, म्हणजे त्याचा निरोप घेणाऱ्या जागा, स्वादुपिंडात असतात तसे मेंदूतही असतात, म्हणून भूकही त्याच्या ताब्यात. टाइप 2 मधुमेहात या वर्दीचा परिणामच मंदावतो. तिथे मनोनिग्रह काय करणार?

अडचण एवढीच की हे हॉर्मोन रक्तात जेमतेम दोन मिनिटं टिकतं. डीपीपी-4 नावाचं एन्झाइम त्याचे तुकडे करतं. यावर तोडगे दोन. एक, एन्झाइमला अडवायचं. दुसरा, त्याला सहज तोडता येणार नाही असं नक्कल-हॉर्मोन बनवायचं. अशी एक तयार नक्कल अमेरिकेतल्या गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेत सापडली आणि तिच्यावरून बनलेलं औषध 2005मध्ये बाजारात आलं. सेमाग्लुटाइड ही अशीच पुढची नक्कल, तिचं एक इंजेक्शन आठवडाभर पुरतं. टिर्झेपटाइड जीआयपी या दुसऱ्या हॉर्मोनचे रिसेप्टरही चालवतं.

पहिल्या तोडग्याची गोळी, सिटाग्लिप्टिन, नानाकाका रोज न चुकता घेतात. जुलै 2022मध्ये पेटंट संपल्यावर ती स्वस्त झाली म्हणून खूशही होते. हॉर्मोन तेच, फक्त त्याला जरा जास्त जगू द्यायचं. त्या गोळीला कुणी चोचले म्हणत नाही, कारण तिने वजन फारसं हलत नाही आणि शेजारणीला काही दिसत नाही. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "गोळी वेगळी, इंजेक्शन वेगळं." झालं!

माझी काळजी वेगळीच आहे. डोंबिवलीची माझी आतेबहीण, ताई, मधुमेहासाठी इंजेक्शन घेते. डोस महिन्यागणिक चढत गेला, पण तू जेवतेस काय हे कुणी विचारलं नाही. डबा न उघडताच परत यायचा. एकदा फास्ट लोकलमध्ये इतकं मळमळलं की ठाण्याला उतरून बाकावर बसून राहिली. डॉक्टरांचं उत्तर, "होतं सुरुवातीला." होतं हे खरंच आहे. पण वजनाबरोबर स्नायूही झडतात, त्यासाठी डाळ, अंडी, दही पोटात जायला हवं, थोडं वजन उचलायला हवं. हे सांगणारं कुणी नको का? डोळ्यांचा पडदा आधीच खराब असेल तर साखर झपाट्याने उतरल्याने तो आणखी बिघडू शकतो. ताईचे डोळे कुणी तपासलेच नव्हते. मला मधुमेह आहे, तर इथे डोळ्यांच्या फोटोसाठी पत्र घरी येतं. पायांची आणि किडनीची तपासणीही ठरलेली. इंग्रजांची रांग त्यांनाच लखलाभ, हे पत्र तेवढं मुंबईला हवं.

कारण औषध आता महाग राहणार नाही. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च 2026पर्यंतचीच. काकांच्या सिटाग्लिप्टिनचं झालं तेच याचं होईल, आणि मग लग्नसराईपुरतं घेणारे वाढतील. औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत येतं, हे चाचणीत दिसलेलं आहे. ताईच्या भाचीचं लग्न डिसेंबरात आहे, आणि त्या भाचीच्या आईने मला विचारलंय ते एवढंच: "ऑक्टोबरात सुरू केलं तर पुरेल ना गं?"