खुलासा : मॉरिशसला गेलेल्या पूर्वजाचे जहाज आडनावावरून सापडते का?

नाशिकमध्ये सध्या एक संदेश फिरतोय : ‘मॉरिशसच्या जहाज-नोंदींत आडनाव आणि नाशिक जिल्हा शोधा, पणजोबांचे जहाज मिळेल.’ यातल्या दोन्ही गोष्टी शोध भरकटवतात.

गिरमिटिया, म्हणजे करारावर परदेशी नेलेल्या, मजुरांच्या बहुतेक नोंदींत आडनाव नसतेच. असते ते स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, वय, उंची, जात, गाव, जिल्हा, जहाज आणि पोहोचल्याची तारीख. तिथल्या कुटुंबाचे आजचे आडनाव हे पुष्कळदा त्या पहिल्या माणसाचे, नाहीतर त्याच्या वडिलांचे, साधे नाव असते.

आणि नाशिक जिल्हा झाला १८६९ साली. त्याआधी सिन्नर-निफाडकडचा माणूस अहमदनगर जिल्ह्याखाली शोधा, मालेगाव-बागलाणचा खानदेशात. गावांची नावे कारकुनांनी कानाला ऐकू आली तशी इंग्रजीत उतरवली. नाशिकचेच ‘नासिक’, ‘नास्सिक’ झाले. म्हणून गावाचे चार-पाच उच्चार लिहून घेऊनच बसा.

खरी किल्ली म्हणजे स्थलांतरित क्रमांक. पोर्ट लुईला उतरलेल्या प्रत्येक मजुराला तो मिळत असे. शोध उलटा करा : मॉरिशसमधल्या नातेवाइकांकडून जुने जन्म-विवाह दाखले मागवा, त्यांत आईवडिलांचा क्रमांक अनेकदा सापडतो. तो घेऊन मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या अभिलेखागाराकडे विचारणा करा. १८६०च्या दशकानंतरच्या काही नोंदींसोबत छायाचित्रही आहे!

एकाच जहाजावर दोन ‘गणू’ निघाले, तर वडिलांचे नाव आणि गाव दोन्ही जुळल्याशिवाय नाते जोडू नका. वयावर विसंबू नका, ते अंदाजाने लिहिलेले असे.