गवत लावणाऱ्या बाई

सोलापुरात हिरवळ हवी असेल तर आधी टँकरवाल्याशी सोयरीक जमवावी लागते. मला ती परवडणारी नव्हती. म्हणून ठरवलं, इथल्याच माळावरचं गवत लावायचं. अरिस्टिडा जातीचं, तीन कुसळांचं, वर्षायू. पावसात उगवायचं, दिवाळीच्या सुमारास बी टाकून वाळायचं आणि पुढच्या मृगापर्यंत थेंबभर पाणी मागायचं नाही. असा भाडेकरू शोधून मिळत नाही.

बीसुद्धा शोधून मिळेना. नर्सरीवाल्याने मेक्सिकन लॉन दाखवलं. कृषी केंद्रात ‘गवताचं बी’ म्हटल्यावर दुकानदार म्हणाला, “म्हशी किती हायत?”

शेवटी नवऱ्याचे जुने लोकरी मोजे घालून गावाबाहेरच्या माळावर फिरून आले. या बियाला खाली अणकुचीदार टोक, त्यावर मागे वळलेली बारीक लव आणि वर तीन कुसळं. एकदा घुसलं की पुढेच सरकतं, मागे येत नाही. मेंढरं हे गवत कोवळं असेपर्यंतच खातात ती उगाच नाही. घरी पोचले तेव्हा मोजे दिसत नव्हते, पेरणीची सोय मात्र झाली होती.

पेरलेलं बरंचसं मुंग्यांनी नेलं. मृग कोरडा गेला. आर्द्रात उरलेलं उगवलं आणि तिथून खरी दशा सुरू झाली, कारण जो येई तो उपटी. खुरपणीच्या मावशी “किती माजलंय ओ हे!” म्हणून सरळ बसल्याच. सासूबाई सकाळी फुलं तोडता तोडता चार काड्या उपटत. गॅसची टाकी आणणाऱ्या मुलानेसुद्धा जाता जाता हात साफ केला, वर “राहू द्या ताई, चहा नको.” हरळीचं बरं आहे, तिला गणपतीचा वशिला. माझ्या गवताला एकही देव विचारत नाही. भिंतीलगतचं गाजरगवत मात्र आमच्या आत्याबाईंनी राखून ठेवलं, “पांढरी फुलं छान दिसतात” म्हणून. ते अमेरिकेकडचं, 1950च्या दशकात पुण्यात दिसलेलं, अंगाला खाज आणणारं. पाहुण्यांचा मान राखणारं घराणं आमचं!

शेजारच्या काकूंना मी समजावून पाहिलं, की असल्याच गवताळ माळावर राहणाऱ्या माळढोकासाठी नान्नजला 1979 साली अभयारण्य केलंय.

“मग आला का पक्षी?”

“नाही.”

“मग साप येईल.”

कोजागरीला काकू नवी इरकल नेसून दुधाला आल्या आणि जाताना गवताला घसटून गेल्या. दुसऱ्या दिवशी काठातली कुसळं वेचून अंगणात झटकत बसल्या होत्या, माझ्या नावाने बोटं मोडत.

यंदा त्यांच्या पेव्हर ब्लॉकच्या फटीफटीतून ते आलंय. न पेरता, न जपता, माझ्याकडे कधी आलं नव्हतं इतकं दाट. परवा कुंपणावरून हाक आली, “काय ओ, तुमचं गवत तुम्ही घेऊन जावा!”

बी धरायला पिशवी घेऊन धावत गेले. तिथे सासूबाई खुरपं घेऊन आधीच बसलेल्या. “म्हटलं, काकूंना तेवढीच मदत,” म्हणाल्या.