रेडियम नाही, तर काटा नाही

साखर कारखाने सुरू झाले. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, अथणी, रात्री आठनंतर यातल्या कुठल्याही रस्त्याला लागा, पुढं एक काळा डोंगर हळूहळू चाललेला असतो. अगदी जवळ जाईपर्यंत कळत नाही की ती उसाची ट्रॉली आहे. मागचा दिवा पाल्यात बुडालेला, नंबर प्लेट झाकलेली, आणि रेडियमची चमकणारी पट्टी असलीच तर तिच्यावर बोटभर चिखल. चार वर्षांपूर्वी जानेवारीत माझा धाकटा भाऊ अशाच एका रस्त्यात बंद पडलेल्या ट्रॉलीवर दुचाकीसकट आदळला. मांडीचं हाड मोडलं, रॉड घालावा लागला, आठ महिने घरात गेले. जीव वाचला म्हणून आज मी हे लिहू शकते.

त्या ट्रॉलीच्या मागं खूण नव्हती असं नाही. बाहेर आलेल्या मोळीला लाल फडकं बांधलेलं होतं. त्या लाल फडक्याबद्दलच मला बोलायचं आहे.

मी हायस्कूलात विज्ञान शिकवते. धोक्याला लालच रंग का, हा प्रश्न दरवर्षी येतो आणि उत्तर पोरांना पाठ असतं: लाल रंगाची तरंगलांबी सगळ्यात जास्त, म्हणून तो कमी विखुरतो आणि लांबून दिसतो. हे खरंच आहे. हवेच्या रेणूंवर ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ७०० नॅनोमीटरच्या लालपेक्षा सुमारे सहापट विखुरतो. आकाश निळं आणि मावळतीचा सूर्य तांबडा, तो त्यामुळंच. पण लगेच पुढचं वाक्य येतं, "म्हणून धुक्यात लाल दिसतो", आणि तिथं मी त्यांना थांबवते. धुक्याचा थेंब साधारण १० मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर), आणि लाल प्रकाशाची तरंगलांबी एका मायक्रॉनपेक्षाही कमी. एवढ्या मोठ्या थेंबापुढं लाल काय, निळा काय, सगळे जवळजवळ सारखेच विखुरतात. म्हणून तर धुकं पांढरं दिसतं. चोर्ला घाटात पावसाळ्यात गाडी चालवलेल्या माणसाला हे पुस्तकाशिवाय माहीत आहे.

मग लाल आला कुठून? बराचसा रूढीतून, आणि ती रूढी रेल्वेनं पक्की केली. इंग्लंडात सुरुवातीच्या काळात लाल म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे जपून आणि पांढरा म्हणजे जा, असं होतं. यातला पांढरा घातकी ठरला. घराचा कंदील, रस्त्याचा दिवा, सगळेच पांढरे. आणि लाल काच फुटून पडली की मागचा दिवा पांढराच दिसायचा, म्हणजे "थांबा"चं "जा" व्हायचं. शेवटी पांढऱ्याला हाकललं, हिरव्याला "जा" केलं आणि मधल्या जागी पिवळा आला. रस्त्यावरचा पहिला सिग्नल लंडनमध्ये पार्लमेंटसमोर १८६८ च्या डिसेंबरात उभा राहिला. तोही रेल्वेच्याच नमुन्यावर, गॅसवर चालणारा, लाल आणि हिरव्या दिव्यांचा. महिनाभरातच गॅसचा स्फोट होऊन तो गेला. पण लाल-हिरव्याची ही जोडी टिकली आणि आज बेळगावात टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर आपण तिच्याच हुकमानं थांबतो.

सिग्नलमध्ये लाल कायम वर का असतो, याकडं मुलांचं सहसा लक्ष नसतं. ज्यांना लाल-हिरवा वेगळा ओळखता येत नाही त्यांना निदान जागा ओळखता यावी म्हणून. हिरव्यात थोडी निळसर झाक ठेवतात तीही त्याचसाठी. कुणीतरी कधीतरी न दिसणाऱ्याचा विचार केला, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता फडक्याकडं येते. सिग्नलचा लाल हा दिवा आहे, त्याच्या पोटात उजेड आहे. फडक्याचा लाल हा नुसता रंग. त्यावर उजेड पडला तरच तो लाल. उजेड कमी झाला की आपला डोळाच बदलतो. दिवसा डोळ्याला सगळ्यात तेज दिसतो तो ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळट हिरवा. अंधारात डोळ्याच्या दुसऱ्या पेशी काम करू लागतात आणि ही जागा ५०७ कडं, म्हणजे निळ्या बाजूला सरकते. लालला त्या पेशी जवळजवळ ओळखतच नाहीत. १८१९ च्या सुमारास बोहेमियातल्या यान पुर्किन्ये नावाच्या शास्त्रज्ञानं हे टिपलं, म्हणून त्याला त्याचंच नाव आहे. तपासून बघायला प्रयोगशाळा लागत नाही. तिन्हीसांजेला अंगणातल्या जास्वंदीपुढं उभं राहा. पानं अजून दिसत असतात, आणि दुपारी डोळ्यात भरणारं फूल काळं पडलेलं असतं.

माझ्या भावासमोरचं फडकं असंच काळं पडलं होतं. काळ्या उसावर काळं फडकं. बांधणाऱ्यानं नियम पाळला होता, पण दिवसाचा. रात्री तिथं लाल दिवा हवा असतो.

अमेरिकेतल्या "थांबा"च्या पाट्या १९२४ पासून १९५४ पर्यंत पिवळ्या होत्या, हे वाचलं तेव्हा मला आधी पटलंच नाही. लाल म्हणजे थांबा हे तिथंही सगळ्यांना माहीत होतं. पण रात्री लाल दिसत नव्हता आणि उन्हात टिकणारा लाल रंग हाताशी नव्हता. पक्का लाल मिळाल्यावरच १९५४ मध्ये पाट्या लाल झाल्या. शाळेच्या बसचा पिवळा रंगही तिथंच १९३९ मध्ये ठरला, पहाटेच्या आणि संध्याकाळच्या अर्धवट उजेडात तो लवकर नजरेत भरतो म्हणून. पिवळ्यावर काळं हा तर निसर्गाचाच इशारा. गांधीलमाशी ओळखायला कुणाला शाळेत जावं लागत नाही.

लाल टिकत नाही, हे मात्र मला अमेरिकेनं सांगितलेलं नाही. ते आमच्या अप्पांनी सांगितलं. अप्पा पेंटर होते, बेळगावच्या शहापुरात दुकान होतं. कन्नड, मराठी, इंग्रजी, तिन्ही लिप्या त्यांच्या ब्रशाला येत. लोखंडी पत्र्याला आधी रेड ऑक्साइडचा हात, मग पांढरा, मग अक्षरं. लालचा डबा उघडला की म्हणायचे, "ह्यो पहिल्यांदा उडणार बघ. काळा म्हातारा हुईपतूर ऱ्हातो." कारण मला पुढं कळलं. लाल दिसणारा रंग लाल तेवढा परत पाठवतो आणि निळा, जांभळा, अतिनील असा जास्त ऊर्जेचा प्रकाश पोटात घेतो. तो मारा खाऊन साध्या लाल रंगाचे रेणू तुटत जातात. गेरू मात्र उन्हाला दाद देत नाही, कारण तो लोखंडाचा ऑक्साइड. रंगाखालचा रेड ऑक्साइड हा गेरूचाच सख्खा भाऊ. म्हणून जुनी पाटी पोपडे धरते तेव्हा वरचा लाल कधीच गेलेला असतो आणि खालचा तांबूस हात उघडा पडतो.

चिकोडीहून निपाणीला येताना एका वळणावर अशी एक पाटी आहे. त्रिकोण आहे, आतला काळा बाण आहे, पण लाल काठ पार उडालाय. पांढऱ्या पत्र्यावर एक वाकडा बाण तेवढा उरलाय. लाल काठाचा त्रिकोण म्हणजे सावध, गोल म्हणजे हुकूम, निळा चौकोन म्हणजे माहिती, हे आपल्या देशातल्या पाट्यांचं व्याकरण आहे. काठ गेला की पाटी मुकी.

आमच्या भागात रंग म्हणजे नुसता रंग नसतो. १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, अर्धं बेळगाव लाल-पिवळं असतं आणि आम्ही मराठी माणसं निषेधाचे काळे कपडे घालून रस्त्यावर असतो. पाटीवर आमचीही भाषा असावी हा आमचा हक्क आहे आणि तो मी सोडणार नाही. पण फलकाला काळं फासलं जातं, मग ते कुणीही फासो, तेव्हा मला अप्पांचे हात आठवतात आणि पोटात कालवतं. गावाचं नाव पुसलं तर भांडून परत लिहिता येतं. त्याच हातासरशी वळणाचा त्रिकोण पुसला गेला तर त्या रात्री तिथून जाणारा कानडी असेल, मराठी असेल, गोव्याचा ड्रायव्हर असेल. त्या त्रिकोणानं कुणालाच भाषा विचारलेली नसते. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे बॅनर पाटीवर बांधणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे, आणि त्यांच्यावर माझा जास्त राग आहे.

रात्रीचा खरा उपाय रंगात नाही, उजेड परत फेकण्यात आहे. ज्याला आपण रेडियम म्हणतो त्यात रेडियम औषधालाही नसतं. बारीक काचेचे मणी किंवा सूक्ष्म प्रिझम असतात. हेडलाइटचा उजेड इकडंतिकडं न उधळता ते आल्या वाटेनं चालवणाऱ्याच्या डोळ्याकडं परत धाडतात. रस्त्याच्या मधे बसवतात ते चमकणारे खडे, पर्सी शॉ नावाच्या यॉर्कशरच्या माणसानं १९३४ मध्ये पेटंट घेतलेले, तेही याच जातीचे. अशी लाल पट्टी रात्री काळी पडत नाही, दिव्यासारखी पेटते. हातभर पट्टीला फार पैसे पडत नाहीत. भावाच्या रॉडचं बिल माझ्याकडं अजून आहे, म्हणून हे सांगते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०४ वा नियम रिफ्लेक्टरचाच आहे, मागच्या बाजूला लाल. म्हणजे नवा कायदा मागायचा नाही. गेल्या हंगामात एका ट्रॅक्टरवाल्या काकांना विचारलं, "काका, मागं रेडियम का नाही ओ?" ते म्हणाले, "लावलेलं की ओ बाई. पाला घासून घासून गेलं. परत लावाय खेपा बुडवायच्या काय?" त्यांचं चुकलं असं मला म्हणवलं नाही. खेपेवर पोट असलेल्या माणसाला रस्त्यात अडवून दंड लावण्यात अर्थ नाही. बीडहून ऊसतोडीला आलेल्या टोळ्यांच्या बैलगाड्यांना तर दिवाच नसतो, त्यांनी काय करायचं?

म्हणून माझी मागणी एका जागेपुरती आहे: वजनकाटा. प्रत्येक ट्रॉली, प्रत्येक गाडी काट्यावर येतेच. तिथंच एक माणूस, एक ओलं फडकं आणि रेडियमचा रोल ठेवा. गाडी रिकामी होऊन परत काट्यावर आली की मागची बाजू पुसा, पट्टी गेली असेल तर कारखान्याच्या खर्चानं नवी लावा. पट्टी फळीच्या खालच्या कडेला हवी, जिथं पाला लोंबत नाही. बैलगाडीला मागच्या फळीवर आणि बैलांच्या शिंगांनाही. ते झाल्याशिवाय पावती द्यायची नाही. रेडियम नाही, तर काटा नाही. कारखान्यांच्या सभासदांनो, सभेत दराबरोबर हाही विषय मांडा. उडालेल्या त्रिकोणांचे फोटो तुमच्या ग्रामपंचायतीत नेऊन द्या, अर्जाची पोच घ्या. मी त्या वळणाचा अर्ज दिला आहे, कन्नड आणि मराठी दोन्हीत.

येत्या रविवारी संध्याकाळी पाचपासून मी आणि माझा भाऊ निपाणीच्या अलीकडं, जिथं ट्रॅक्टरवाले चहाला थांबतात तिथं उभे असू. तीन रोल, कात्री आणि पुसायला फडकी घेतली आहेत. भाऊ अजून थोडा लंगडतो, पण पट्ट्या तोच चिकटवणार म्हणतोय. ट्रॅक्टरवाल्या काकांनो, चहा होईपर्यंत गाडी आमच्याकडं सोडा.